"किती अँपिअरला मोजलंस?" या प्रश्नासाठी

आदरणीय मॅडम,

सिलिकॉन कार्बाइडच्या डायोडची (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांची) अख्खी बॅच सदोष आहे, परत पाठवतोय, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "किती अँपिअरला मोजलंस?" त्या प्रश्नाने माझं काम वाचलं, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण याच ठिकाणी अडलेले आणखीही असतील.

माझी अडचण अशी होती. तापलेल्या डायोडचं फॉरवर्ड व्होल्टेज, म्हणजे करंट वाहताना त्याच्यावर पडणारं व्होल्टेज, उतरतं, दर अंशाला साधारण 2 मिलिव्होल्टने, हे सिलिकॉनवर काम करून अंगवळणी पडलेलं. इथे 650 व्होल्ट, 10 अँपिअरचा शॉट्की (धातू आणि अर्धवाहकाच्या जोडाचा) डायोड 25 अंशांना 1.5 व्होल्ट दाखवत होता आणि 150 अंशांना 1.8. सहकाऱ्याने तोच डायोड 1 अँपिअरला तपासला, तर व्होल्टेज तापल्यावर उतरत होतं. दोन माणसं, एक डायोड, उलटसुलट निकाल. मी दोष डायोडवर टाकून मोकळा झालो होतो.

तुम्ही आधी माझी मोजणी तपासायला लावलीत. करंटच्या वायरींवरूनच व्होल्टेज घेत होतो. 10 मिलिओहमची वायर 10 अँपिअरला 0.1 व्होल्ट खाते. शिवाय करंट सतत चालू ठेवत होतो, म्हणजे इवल्याशा चिपमध्ये 15 वॅट. थर्मामीटर बाहेरच्या आवरणाचं तापमान सांगत होता, आतलं जंक्शन (चिपमधला प्रत्यक्ष जोड) तापून कुठल्या कुठे गेलेलं. व्होल्टेजसाठी वेगळ्या दोन वायरी आणि काहीशे मायक्रोसेकंदांची पल्स, एवढ्यावर आकडे स्थिर झाले. उलटसुलटपणा मात्र तसाच राहिला, आणि खरं शिकणं तिथून सुरू झालं.

फॉरवर्ड व्होल्टेज हा एक आकडा नाही, दोन गोष्टींची बेरीज आहे, हे तुम्ही माझ्याकडूनच आलेख काढून घेऊन दाखवलंत. पहिली गोष्ट धातू आणि अर्धवाहकाच्या सीमेवरचा अडथळा. उष्णतेने इलेक्ट्रॉन तो सहज ओलांडतात, म्हणून हा भाग उतरतो. माझ्या डायोडमध्ये 0.95 वरून 0.80 व्होल्टवर आला. दुसरी गोष्ट आतल्या ड्रिफ्ट थराचा, म्हणजे उलटं व्होल्टेज पेलणाऱ्या थराचा, रोध. सिलिकॉनच्या पीएन डायोडमध्ये (पी आणि एन अशा दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या जोडात) होल, म्हणजे धन प्रभाराचे वाहक, येऊन तो थर भरून टाकतात आणि रोध पडतो. शॉट्कीत वाहतात ते फक्त इलेक्ट्रॉन. तापलेल्या स्फटिकाची कंपनं त्यांना अडवतात, मदतीला कुणी नाही. रोध 55 मिलिओहमवरून 100 वर गेला. बेरीज केली तर 25 आणि 150 अंशांच्या दोन्ही रेषा साधारण 3.3 अँपिअरला छेदतात. त्याच्या खाली सहकारी बरोबर, वर मी बरोबर. तो छेदबिंदू कागदावर उमटला तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो.

मग मी भीतभीत 70 अँपिअरच्या पल्सचा आलेख पाठवला. 3 व्होल्टच्या पुढे कुठेतरी रेषा अचानक वळत होती, जणू रोध घटला. तुम्ही म्हणालात, आत पी-प्रकारची, म्हणजे होल पुरवणारी, बेटं पेरलेली आहेत. 4एच या स्फटिकप्रकारच्या सिलिकॉन कार्बाइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे 3.26 इलेक्ट्रॉनव्होल्ट, सिलिकॉनच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून ही बेटं एरवी गप्प असतात. मोठ्या सर्ज करंटलाच (क्षणभर उसळणाऱ्या करंटलाच) होल सोडायला लागतात. ती मुद्दाम केलेली सोय आहे, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

आणि एक चाचणी दिलीत, जी मी सगळ्यांना सांगतो: "थंड झाल्यावर परत मोज. मूळ आकड्यावर आला तर तो स्वभाव, नाही आला तर इजा." पीएन प्रकारच्या सिलिकॉन कार्बाइड डायोडमध्ये, मॉसफेट या ट्रान्झिस्टरच्या अंगभूत बॉडी डायोडमध्येही, अशी इजा होऊ शकते. इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येताना सुटणाऱ्या ऊर्जेने स्फटिकातले जुने दोष पसरतात आणि फॉरवर्ड व्होल्टेज चढलेलं राहतं. माझे डायोड प्रत्येक वेळी 1.5 वर परतले.

बॅच परत गेली नाही. दोन-दोन डायोड पॅरललमध्ये लावले आहेत. ज्याच्यावर जास्त करंट येतो तो तापतो, त्याचं व्होल्टेज चढतं आणि करंट दुसऱ्याकडे वळतो. ज्या वागण्याला मी दोष म्हणत होतो त्याच्याच जोरावर जोडी चालते. काल पूर्ण लोडवर मोजलं, एकात 9.8 अँपिअर, दुसऱ्यात 10.2. पहिल्यांदा तुम्हालाच कळवतोय.

आपला ऋणी,
तुमचा विद्यार्थी