नऊ इंचांचा हिशेब आणि वायरमनचा चाकू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सण जवळ आला की आपल्या पेपरात आतल्या पानावर बंदी आदेशाची बातमी येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ (१). सोटे, भाले, सुरे, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला मनाई. गणपतीत मंडळांची लायटिंग करायला आम्ही वायरमन लोक नेमके त्याच दिवसांत रात्री-अपरात्री फिरत असतो, आणि घडीच्या चाकूशिवाय आमचं पान हलत नाही.

परवा लक्ष्मीपुरीत नवा चाकू घेताना दुकानदार म्हणाला, "पातं नऊ इंचांच्या आतलं आहे, बिनधास्त खिशात टाका." हे अर्धवट ज्ञान बरंच फिरतंय, म्हणून लिहितोय. नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी ओलांडली की परवान्याचा प्रश्न येतो, तो २०१६ च्या शस्त्र नियमांत. घरकाम, शेती, कारखाना यांची हत्यारं त्यातूनही वगळली आहेत. पण बंदी आदेश ही निराळी गोष्ट. तिथं कोणी पट्टी लावून पातं मोजत नाही.

माझा चाकू हत्यारांच्या पिशवीत असतो, पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टीच्या शेजारी. नाक्यावर कुणी पिशवी उघडायला सांगितली तर धंदा काय ते न बोलता कळतं. त्यामुळं कायद्यात सूट मिळते असं अजिबात नाही, पण जीन्सच्या खिशाला क्लिप लावून मूठ बाहेर लोंबत ठेवणाऱ्या पोरांपेक्षा बरं. त्यातली निम्मी तर चाकू फक्त रीलसाठी बाळगतात. त्यांना काय सांगायचं!

खिशाचं दुसरं दुखणं पोलिसांपेक्षा मोठं आहे. साध्या घडीच्या चाकूला खटका, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारं लॉक, नसतो. पातं मिटलेलं राहतं ते पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर. मुठीच्या खाचेत तंबाखूचा चुरा, सिमेंटची भुकटी, कापडाचे धागे साठले की पातं पूर्ण बसत नाही, टोक केसभर वर राहतं. असा चाकू मागच्या खिशात टाकून मोटारसायकलवर बसलं की पँट फाटते, नाहीतर मांडी. म्हणून खाच जुन्या टूथब्रशनं साफ करावी, बिजागरीवर मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, आणि मिटवल्यावर मूठ खाली धरून एकदा झटकून बघावी. पातं हललं तर स्प्रिंग गेली, तो चाकू कामाचा नाही.

बिनखटक्याच्या चाकूनं टोक खुपसून कधी भोक पाडू नये. नव्या पोरांना जंक्शन बॉक्सचं प्लास्टिक टोकरायची भारी हौस. टोक अडकतं, जोर मुठीवर येतो आणि पातं उलटं मिटून बोटांवर बसतं. आत खटका असलेले चाकू मिळतात, एक पातळ पट्टी आतून सरकून पात्याच्या बुडाला टेकते. ती अंगठ्यानं बाजूला दाबल्यावरच पातं मिटतं. पण दाबताना तोच अंगठा पात्याच्या वाटेत असतो. पातं थोडं वळलं की अंगठा काढायचा आणि मग तळव्यानं पाठीवर दाबून मिटवायचं. दुसऱ्याला द्यायचा तर मिटवूनच द्यावा. उघडा चाकू शिडीवरून खाली टाकणारे महाभागही आमच्या धंद्यात आहेत.

माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी बंदी आदेशाची बातमी छापाल तेव्हा सुतार, वायरमन, फळवाले यांनी रोजची हत्यारं घरून कामावर कशी न्यायची, याच्याही दोन ओळी खाली द्या. पोलीस ठाण्यात विचारून द्या, दुकानदाराला विचारून नको.

आपला,
एक वायरमन, उद्यमनगर, कोल्हापूर