साहेब, पॅनल पुरेत, आता माणूस द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय, उच्च व तंत्रशिक्षण,
मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवतो. कॉलेजचं नाव टाकत नाही कारण हे सगळं आमच्याकडेच आहे असं अजिबात नाही, दादरपासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही स्टाफरूममध्ये जाऊन बसा, दहा मिनिटात हेच ऐकू येईल, फक्त पॅनलची कंपनी वेगळी असेल.

आमच्या सगळ्यात मोठ्या वर्गात भिंतीवर एक इंटरॅक्टिव्ह पॅनल आहे, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा. आलं तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, ट्रस्टी मंडळींनी बोटाने त्यावर सही करून बघितली. आता त्याच्यावर निळं शिवलेलं कव्हर असतं. आत पॅनल ठणठणीत आहे बरं का, पण ते बसवणाऱ्या पोराने लॉगिन स्वतःच्या नावाने केलेलं आणि त्याने नोकरी सोडली, त्यामुळे चालू केलं की पासवर्ड विचारतं आणि तिथेच थांबतं. मग आम्ही जुना छतावरचा प्रोजेक्टर वापरतो. त्याची वायर जिथे लागते तिथली पिन ढिली झालीय, एका ठराविक कोनात धरली तरच चित्र येतं, म्हणून पहिल्या बाकावरचा एक मुलगा लेक्चरभर वायर धरून बसतो. हसू नका साहेब, त्यांनी आपापसात पाळ्या लावल्यात.

आता या प्रोजेक्टरचंच बघा. दिव्याचे प्रोजेक्टर बंद केले तरी आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, दिवा थंड व्हायला, आणि तेवढ्यात मेन स्विच पाडला तर दिव्याचं आयुष्य कमी होतं. हे कुणीतरी एकदा सांगायला लागतं ना. आमच्याकडे संध्याकाळी वॉचमन येतो, त्याला सांगितलेलं असतं वीज वाचवा, तो बिचारा इमानदारीत मजल्याचा मेन पाडून जातो. मग दिवा गेला की नवीन दिव्याला तीन कोटेशन, मग पर्चेस कमिटी, मग सही करणारे बाहेरगावी, आणि तोपर्यंत सेमिस्टर संपतं. वर मुंबईची हवा, जून ते सप्टेंबर या दमट हवेत नीट निगा राखायला कुणी नसलं तर लेन्सला बुरशी धरते, त्यात कंपनीचा काय दोष.

पूर्वी आमच्याकडे फिजिक्सच्या लॅबमध्ये एक मामा होते. पोस्ट प्रयोगशाळा परिचर, काम सगळंच. रिमोटच्या बॅटऱ्या एका बिस्किटाच्या डब्यात, जास्तीच्या वायरी गुंडाळून रबर लावलेल्या, कुठल्या वर्गाचा प्लग सैल आहे ते तोंडपाठ. मामा रिटायर झाले आणि ती जागा भरलीच नाही. आता एजन्सीकडून अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगा येतो, तोही चार इमारतींना मिळून एक. हुशार असला की वर्षाच्या आत ऐरोलीला नाहीतर पवईला आयटी कंपनीत नोकरी धरतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

पैसा येत नाही असं मी म्हणत नाहीये. उच्च शिक्षणासाठी केंद्राची २०१३ ला रुसा योजना आली, २०२३ ला तिचीच पीएम उषा झाली, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के, बांधकामाला पैसे, उपकरणांना पैसे. पण ते पैसे एकदाच येतात, वस्तू घ्यायला, आणि वस्तू पुढची पाच वर्षं कोण सांभाळणार याचा कॉलम कुठे नसतो. कॉलेजांचा दर्जा ठरवणारे नॅकवाले पण विचारतात की आयसीटीची, म्हणजे कॉम्प्युटर-प्रोजेक्टरची, सोय असलेले वर्ग किती, मग सगळे वर्ग मोजून मोकळे होतात, आमचा निळ्या कव्हरवालाही त्यात धरलाय. हे मला पटत नाही, पण आकडा द्यावाच लागतो.

२०१७ तुम्हाला आठवत असेलच. मुंबई विद्यापीठाने एकाच झटक्यात पेपर स्कॅन करून स्क्रीनवर तपासायला घेतले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत गेली, निकाल महिनोनमहिने लटकले, परदेशी ॲडमिशन घेतलेली पोरं मार्कशीटसाठी वणवण फिरली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना जावं लागलं. आधी माणसं तयार करायची, छोट्या परीक्षेवर करून बघायचं आणि मग सगळीकडे लावायचं, हा साधा क्रम उलटा झाला होता. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा पेपर पुढे ढकलावे लागले. एरवी ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्यावाचून काय अडतं ते तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. त्यांच्या मागण्यांमध्ये रिक्त जागा भरा ही पण होती.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायचीय. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे अशी मुलं कॉलेजात येतात आणि आलीच पाहिजेत. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मराठीही वाचतं. ते लायब्ररीच्या एका कॉम्प्युटरवर होतं, मशीन फॉरमॅट झालं तेव्हा गेलं. परत टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तो एजन्सीच्या मुलाकडे आणि तो मुलगा दुसऱ्या इमारतीत. एक रुपया लागत नाही साहेब, अर्धा तास लागतो, पण तो अर्धा तास कुणाच्या ड्युटीतच नाहीये. ती सध्या मोबाईलवर इयरफोन लावून भागवते आणि वर आम्हालाच म्हणते, सर असू दे.

देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा हे कोठारी आयोग सांगून गेला, २०२० च्या धोरणानेही तेच म्हटलं, मी त्यात पडत नाही, ते मोठ्या लोकांचं काम. माझं मागणं छोटं आहे. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, प्रत्येक कॉलेजला निदान एक कायमचा टेक्निशियन द्या, मोठ्या इमारती असतील तिथे प्रत्येक इमारतीला, आणि त्याला कॉन्ट्रॅक्टवर लटकवू नका. उपकरणांचा प्रस्ताव आला की देखभालीचे पाच वर्षांचे पैसे आणि जबाबदार माणसाचं पद त्याच कागदावर असल्याशिवाय मंजूरच करू नका, मग भले दहाच्या जागी सहा पॅनल आली तरी चालतील. आणि किरकोळ दुरुस्तीची पॉवर प्राचार्यांना द्या, दोन हजाराच्या पिनसाठी तीन कोटेशन कसली मागवायची.

आणखी एक, येऊन बघायचं असेल तर जरूर या. मुंबईत बरीच कॉलेजं सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, सोमवारचं पहिलं लेक्चर बरं पडेल. फक्त येताना कळवू नका, नाहीतर आदल्या रात्री वेंडरचा माणूस येऊन सगळं चालू करून जाईल आणि तुम्हाला वाटेल हा माणूस उगाच रडतोय.

कळावे,
आपला,
वायर धरणाऱ्या मुलांचा एक मास्तर, मुंबई