बाराच्या घड्याळाखाली

चि. निनादला अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी न्यूरेंबर्गच्या चौकात तू म्हणालास, "आई, गाव किती सुंदर आहे ते बघ ना. जुनी मढी कशाला उकरतेस?" तेव्हा मी गप्प बसले. आता सांगलीला परत आल्यावर निवांत लिहिते आहे.

आपण दोघं बारा वाजता फ्राउएनकिर्शे चर्चसमोर माना वर करून उभे होतो. टोले पडले आणि घड्याळाखालून सात राजपुरुष निघाले. मधे बसलेल्या सम्राटाभोवती त्यांनी तीन फेऱ्या घातल्या. पोरं टाळ्या पिटत होती, मलाही मजा वाटली. तो सम्राट चौथा कार्ल. नंतर तू कॉफी आणायला गेलास आणि मी आत गेले. तिथे फरशीत ज्यूंचा षट्कोनी तारा कोरलेला दिसला.

हा चौक मुळात ज्यूंची वस्ती होती, निनाद. बाजारासाठी त्यांची घरं पाडायची परवानगी याच कार्लने शहराला दिली. ५ डिसेंबर १३४९ ला इथे किमान ५६२ ज्यूंना ठार मारलं. त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, पाडलं आणि त्याच जागी हे चर्च बांधलं. १९३५ मध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे नाझींचे कायदे झाले तेही याच शहरात. मधे जवळजवळ सहाशे वर्षं गेली होती. बाहेर आले तेव्हा तू कॉफी घेऊन उभा होतास आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी, तू ऑफिसला गेल्यावर, मी एकटी न्यायालयात गेले. अठ्ठावीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, पण दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्या देशांनी नाझी नेत्यांवर चालवलेले न्यूरेंबर्गचे खटले म्हणजे फळ्यावरची एक ओळ असायची. सहाशे क्रमांकाची ती खोली मला वाटली होती त्याहून लहान निघाली. नोव्हेंबर १९४५ मध्ये खटला सुरू झाला तेव्हा तिथे आरोपी दोन बाकांवर बसले होते, कानाला हेडफोन लावून. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषांत भाषांतर त्याच क्षणी चालायचं. बोलणारा फार भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा: सावकाश बोला. आरोपींनाही प्रत्येक शब्द नीट समजला पाहिजे, म्हणून हा खटाटोप. बाहेर तेच शहर ढिगारा होऊन पडलं होतं. जुन्या गावाचा बहुतेक भाग २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेला होता. सूड घ्यायला कोणी अडवलं नसतं. तरी दहा महिने कागद तपासले, साक्षी घेतल्या. शेवटी बारा जणांना फाशी सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडलं. त्या तिघांच्या सुटकेशी मी फार वेळ थांबले. निकाल आधीच ठरलेला असता तर ते सुटले नसते.

तू तिथे राहतोस, कर भरतोस, उद्या कदाचित घरही घेशील. ते शहर तुझं होणार असेल तर त्याचं हेही तुझं आहे, असं मला वाटतं. त्यांनी ते पुसलेलं नाही. तारा पायाखाली कोरून ठेवलाय, खोली उघडी ठेवलीय.

मे महिन्यात बाबा येतील. त्यांना आधी बाराचं घड्याळ दाखव, पोटभर बघू दे. मग आत तो तारा. आणि न्यायालयात जाशील तेव्हा वेळ ठेवून जा, मला दोन तास पुरले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, मधेमधे बसायला सांग.

तुझी,
आई