केक बोर्डाकडेही लक्ष द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केकच्या पाककृती आवडीने छापल्या जातात, पण केक ज्यावर बसतो त्या बोर्डाबद्दल कोणी दोन ओळीही लिहीत नाही. केक देखणा आणि खाली उघडा चंदेरी कागद, असं दृश्य त्यामुळेच सारखं दिसतं. बोर्ड सजवायला महागडी हत्यारं लागतात हा गैरसमज आहे. काटा, चमचा, नवा स्पंज आणि एक खोलगट वाडगा एवढ्यावर काम होतं. खरा प्रश्न आयसिंगच्या घट्टपणाचा आणि वाळायला दिलेल्या वेळेचा आहे.

बोर्ड १२ मिमी जाडीचाच घ्यावा. पातळ पुठ्ठा उचलताना वाकतो आणि त्यावरच्या आयसिंगला तडे जातात. केक २० सेंमीचा असेल तर बोर्ड ३० सेंमीचा हवा, म्हणजे चहूबाजूंनी ५ सेंमी पट्टा मिळतो. केकखालचा ३ मिमीचा पुठ्ठा मध्यभागी ठेवून पेन्सिलीने त्याच्याभोवती वर्तुळ काढा आणि आयसिंग फक्त वर्तुळाबाहेर, साधारण तेवढ्याच जाडीचं लावा. पुठ्ठा त्या खळग्यात बरोबर बसतो, केक डुगडुगत नाही आणि त्यातलं लोणी आयसिंगला लागून डाग पडत नाहीत.

एवढ्या पट्ट्याला २५० ग्रॅम आयसिंग शुगर, दीड मोठा चमचा मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची पूड) आणि ४० मिली पाणी पुरतं, थोडं उरतंही. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या. प्लॅस्टिकला तेलाचा अंश चिकटून राहतो आणि तेवढ्यानेही हे मिश्रण, म्हणजे रॉयल आयसिंग, फुगत नाही. मंद गतीवर ८-१० मिनिटं फेटा. जोरात फेटलं की हवा भरते आणि वाळल्यावर पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. केकवर लावायच्या आयसिंगमध्ये मऊपणासाठी ग्लिसरीन घालतात, ते इथे अजिबात नको. बोर्डावरचं आयसिंग कडकच व्हायला हवं.

आता काटा. आधी भांड्यातच ओढून पाहा. रेघा मनात दहा मोजेपर्यंत जशाच्या तशा राहिल्या, तर आयसिंग तयार. त्याआधीच मिटल्या तर चमचाभर आयसिंग शुगर घाला. रेघांच्या कडा फाटल्यासारख्या, खरबरीत आल्या तर पाणी घाला, पण थेंबाथेंबाने. वाडगा पालथा घालून त्यावर ओलसर फडकं आणि त्यावर बोर्ड ठेवला की फिरता पाट तयार. काटा तिरपा धरून हात स्थिर ठेवा, फिरवायचा तो बोर्ड. मध्ये थांबलात तर तिथे खाच पडते, म्हणून फेरी एका दमात पूर्ण करा आणि सुरुवात-शेवट केकच्या मागच्या बाजूला येऊ द्या. दुसरी फेरी घ्यायची तर काटा आधी पुसून घ्या. दातांत अडकलेलं आयसिंग पहिल्या रेघा खरवडून काढतं. काटा किंचित डावी-उजवीकडे हलवत नेला की लाटा उमटतात, आणि त्या सरळ रेघांपेक्षा जास्त चुका झाकतात.

चमच्याच्या पाठीने थोपटून सरळ वर उचललं की टोकं उभी राहतात. त्यासाठी मिश्रण अजून घट्ट लागतं. स्पंजने थोपटून खरबरीत पोत काढायचा तर स्पंज मात्र नवाच हवा, ओला करून घट्ट पिळलेला. वापरलेल्यात साबण आणि तेल दोन्ही असतात. हे सगळं पहिल्या पाचेक मिनिटांत उरका, कारण वर साय धरली की आयसिंग चुरगळतं. उरलेलं आयसिंग ओल्या फडक्याने झाकून ठेवा.

पाइपिंगला, म्हणजे आयसिंग दाबून नक्षी काढायला, झिपची पिशवी चालते. ती अर्धीच भरा आणि कोपरा २ मिमीपेक्षा जास्त कापू नका. जास्त भरलेली पिशवी शिवणीवर फाटते.

शेवटी बोर्डाची कड ओल्या बोटाने पुसा, नाहीतर कडेभोवती लावायची रिबन सपाट बसत नाही. १५ मिमीची रिबन वाळल्यावरच लावायची. वाळायला पूर्ण २४ तास द्या, दमट हवेत त्याहून जास्त, आणि शक्य असेल तर पंख्याखाली. घाईने फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर त्यावर पाणी सुटतं, आयसिंग चिकट होतं आणि रंग ओघळतात. म्हणूनच बोर्ड केकच्या एक-दोन दिवस आधी करायला घ्यावा.

आपला,
एक वाचक