नैऋत्येकडे उघडं ठेवलेलं वर्तुळ

शिज्याच्वांग, चीन, 6 एप्रिल

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तीन दिवस सुट्टी कसली गं?" आवाज तुटत होता, म्हणून "आपल्या पितृपक्षासारखं काहीतरी" एवढंच सांगितलं. ते उत्तर मनाला लागून राहिलं, म्हणून आज बैठक मारून लिहितेय.

सणाचं नाव छिंगमिंग. छिंग म्हणजे नितळ, मिंग म्हणजे उजळ. इथले बाकीचे मोठे सण चंद्रावर चालतात, हा सूर्यावर. सूर्याच्या चालीने वर्षाचे 24 भाग पाडलेत, त्यातला हा एक. वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी येतो, त्यामुळे आपली संक्रांत जशी जानेवारीतली 14-15 तारीख सोडत नाही, तसा हा 4-5 एप्रिल सोडत नाही. मुळात हा शेतकऱ्याचा दिवस. "छिंगमिंगच्या आगेमागे वेल लावा, शेंगा पेरा" अशी म्हण इथे अजून चालते.

कबरी झाडण्याची चाल आली ती शेजारच्या एका सणातून. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, थंड अन्न खायचं. आई, तुझी शिळासप्तमीच! त्यामागची गोष्ट अशी. जुन्या काळच्या चिन नावाच्या एका राज्याचा राजपुत्र छोंगअर 19 वर्षं परागंदा होता. एकदा उपासमार झाली तेव्हा ज्ये झीथुई नावाच्या सेवकाने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला रस्सा करून दिला. पुढे इ.स.पूर्व 636 मध्ये छोंगअर गादीवर बसला, सगळ्यांना इनामं दिली आणि नेमका यालाच विसरला. झीथुई काही मागायला गेला नाही. आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजाने रान पेटवलं, आणि जळक्या वाळुंजाखाली मायलेक मेलेले सापडले. म्हणून त्या दिवशी विस्तव नाही.

जुन्या इतिहासग्रंथात मांडीही नाही आणि आगही नाही, ते नंतर जोडलं गेलं. पण आई मात्र तिथेही आहे. लेक म्हणतो, मी लपून राहणार, आणि ती म्हणते, मग मीही तुझ्याबरोबर येते. मला या गोष्टीत तीच सगळ्यांत मोठी वाटते.

या दिवसांत लोक कबरींवर जायला लागले होते. 732 साली श्वानत्सुंग बादशहाने त्याला परवानगी दिली. फर्मानात कबूल केलं होतं की जुन्या ग्रंथांत याला आधार नाही, पण लोकांत रूढ झालंय, तेव्हा होऊ द्या. बाबा, तुमचं 'शास्त्रात् रूढिर्बलीयसी' आठवलं. पुढे शेजारशेजारचे दोन्ही सण एकात मिसळले. 2008 पासून याची सरकारी सुट्टी असते.

चार तारखेला सकाळी मी इथल्या शहीद स्मशानभूमीत गेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथेच आहे. लहानपणी तुम्ही मला त्यांचं सोलापुरातलं घर दाखवायला नेलं होतंत, तेव्हा मी कंटाळले होते. चीन-जपान युद्धात जखमींच्या मदतीला 1938 मध्ये आलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. इथे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी परतले नाहीत. 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी गेले. छिंगमिंगला शहिदांच्या समाधीवर फुलं वाहायची पद्धत आहे, त्यामुळे त्यांच्यापुढेही ढीग पडला होता. एक शाळकरी पोरगी पांढरी शेवंती ठेवून वाकली. आई, तू वेणीत माळतेस ती शेवंती इथे गेलेल्या माणसांची. कुणाच्या घरी न्यायची नाही. मीही तीच वाहिली आणि मराठीत म्हटलं, "डॉक्टर, मी सोलापूरची."

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या ताईबरोबर तिच्या गावी गेले. घोट्याच्या वर आलेला हिरवा गहू आणि शेताच्या मधोमध मातीचे उंचवटे, त्याच कबरी. ताईने आधी हाताने तण उपटलं, मग फावड्याने ताजी माती चढवली. पावसाने खचलेलं घर शाकारावं तसं. वर पिवळा कागद ठेवून त्यावर विटेचा तुकडा दाबला, म्हणजे या घराला माणसं आहेत हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं. सफरचंदं मांडली, दारूचा पेला जमिनीवर ओतला, गुडघे टेकून डोकं मातीला लावलं. रडारड नाही. वडिलांना सगळं वर्ष सांगून टाकलं: पोराची परीक्षा, आईचे गुडघे, घराचे हप्ते.

ती एकुलती एक आहे. इथे एकच मुलाचा नियम 2015 पर्यंत होता, त्यामुळे त्या पिढीत अशा लेकी पुष्कळ. पूर्वी बऱ्याच गावांत लेकीने माहेरच्या कबरीवर जायचं नाही असा दंडक होता. आता ती जाते, तिची आई शेजारी उभी राहते, आणि कुणी काही बोलत नाही.

मग कागदी पैसे जाळायचं. वणव्याच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी याला मनाई आहे, म्हणून बांधाच्या बाहेर मोकळ्या जागी, पाण्याची बादली हाताशी ठेवून. ताईने काठीने जमिनीवर वर्तुळ काढलं आणि कबरीच्या बाजूने थोडं उघडं ठेवलं. पैसे त्या वाटेने जातात. दोन-चार कागद वर्तुळाबाहेर जाळले, ज्यांचं कुणीच नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडच्या धर्मपिंडासारखं.

तेवढ्यात तिने विचारलं, "तुझी आजी?" मी म्हटलं, गेल्या वर्षी गेली, मला जाता आलं नाही. तिने काठी माझ्या हातात दिली आणि विचारलं, तुझं गाव कुठल्या बाजूला? मी फोनवर दिशा पाहिली. नैऋत्य. मी वर्तुळ काढलं, नैऋत्येकडे उघडं ठेवलं आणि कागद जाळले. पदराच्या गाठीत दहाची नोट बांधून ठेवणारी आजी डोळ्यांपुढे आली. बाबा, तिथे मी खूप रडले. ताईने पाठीवर हात ठेवला, बोलली काहीच नाही.

बाबा, आजीच्या तेराव्यानंतर तुम्ही काकांना म्हणाला होतात, "आमच्यामागे हे कोण करणार, मुलगी तर परदेशात." ते आईने मला सांगितलंय. तिला रागावू नका. मी करणार आहे. आजीचं यंदा, आणि तुमच्या हाताखाली शिकून. गुरुजी नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी शोधू.

तेव्हा पंचांग बघून आजीची तिथी यंदा कुठल्या तारखेला येते ते लगेच कळवा, मला रजेचा अर्ज आत्ताच टाकायचाय. आणि आई, आजीला आवडायची तशी शेंगांची चटणी कुटायला मला त्या दिवशी सकाळी उठव, आधी कुटून ठेवू नकोस.

तुमची,
लेक