पापुद्रे म्हणजे थर नव्हेत

महोदय,

मनसर, रामटेक, भंडारा भागातल्या खडकांविषयी मराठीत काही छापून आले की 'रूपांतरणात मूळ खडकाची ओळख पुसली जाते' हे वाक्य हमखास असते (रूपांतरण म्हणजे उष्णता आणि दाबाने खडक बदलणे). सौसर समूहाच्या, म्हणजे याच भागातल्या रूपांतरित खडकांपुरते तरी ते चूक आहे. इथला संगमरवर ही मूळची चुनखडी, क्वार्टझाइट ही वाळू आणि अभ्रकी शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक म्हणजे चिखल. मात्र तो गाळ नदीत साचला, किनाऱ्यालगत की खोल पाण्यात, हे नुसत्या नावावरून कळत नाही. ते थराच्या आत पाहून ठरवावे लागते.

पहिली फसगत तिथेच होते. अभ्यास सहलीत शिस्टचा जो पापुद्रा सहज सुटतो त्यावर ब्रंटन होकायंत्र टेकवून 'थराचा कल' लिहून घेतला जातो. पापुद्रे नंतरच्या दाबाने आलेले असतात. खडक दुमडून झालेल्या घडीच्या दोन्ही बाजूंवर ते थराशी जवळजवळ समांतर दिसतात, म्हणून शंकाही येत नाही. घडीच्या वळणापाशी गेले की तेच पापुद्रे थराला आडवे छेदताना दिसतात. खरा थर ओळखायचा तो खनिजांच्या बदलावरून: क्वार्ट्‌झची पट्टी संपून अभ्रक-गार्नेटची (गार्नेट हे रूपांतरणात वाढणारे दाणेदार खनिज) कुठे सुरू होते, ती रेघ. मनसर शैलसमूहात मँगनीजचे तीन पट्टे सांगितले जातात, तळाशी, मधे आणि माथ्याशी. एखाद्या छेदात चार-पाच मोजले गेले, तर नवा पट्टा जाहीर करण्याआधी घडी शोधावी. तोच थर दुमडून पुन्हा वर आलेला असू शकतो. अशा ठिकाणी मोजलेल्या जाडीवरून गाळ किती साचला हे काढण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक अधिक बेमालूम आहे. गढूळ प्रवाहातून साचलेल्या थरात खाली वाळू आणि वर चिखल असतो, कण वर बारीक होत जातात. गोव्यातल्या सावर्डे शैलसमूहाच्या ग्रेवॅकमध्ये (चिखलमिश्रित वालुकाश्मात) रूपांतरण सौम्य आहे, तिथे हा क्रम वाचता येतो. तापमान जास्त चढले की वाळू फारशी बदलत नाही, पण चिखलात ॲल्युमिना भरपूर असल्याने त्यात हरभऱ्याएवढे गार्नेट किंवा स्टॉरोलाइट या खनिजांचे स्फटिक वाढतात. मग थराची वरची बाजूच भरड दिसते आणि सरळ थर उलटा ठरवला जातो. अशा खडकात कणांचा आकार पाहू नये. अभ्रक आणि गार्नेट जिकडे जास्त, तिकडे चिखल, एवढेच धरावे. मग क्वार्टझाइटमध्ये तिरकी थरणी (प्रवाहाने तिरके रचलेले पातळ थर) शोधून पडताळा घ्यावा. काळ्या जड खनिजांच्या बारीक रेघा खालच्या बाजूला वळून मिळतात आणि वरच्या बाजूला कापल्यासारख्या तुटतात. त्यांचा कोन मात्र जसाच्या तसा वापरू नये. खडक चेपला गेल्याने तो बदललेला असतो, आणि घडी मोकळी केल्याखेरीज प्रवाहाची दिशा काढता येत नाही.

गोंडाइट या मँगनीजयुक्त खडकाबद्दलही दोन शब्द. गोंड समाजावरून हे नाव देणाऱ्या भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी हा खडक मँगनीजयुक्त गाळाचे रूपांतर असल्याचे ओळखले होते. जिथे मँगनीजमध्ये चिखल आणि सिलिका मिसळली होती तिथे स्पेसार्टिन हे मँगनीजचे गार्नेट झाले, जिथे ते बऱ्यापैकी शुद्ध होते तिथे ब्राउनाइट हे मँगनीजचे खनिज मिळाले. म्हणजे खाणीत ज्याला 'कमी प्रतीचा' म्हणून बाजूला टाकतात, तोच दगड चिखल कुठे येत होता ते सांगतो.

संगमरवराच्या कार्बन समस्थानिकांवरून, म्हणजे जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून, जुन्या समुद्राचे पाणी कसे होते ते सांगता येते, पण नमुना सिलिकेटमुक्त हवा. चुनखडीत क्वार्ट्‌झ असेल तर तापल्यावर वोलॅस्टोनाइट हे खनिज बनून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो जड कार्बन घेऊन जातो, आणि उरलेल्या खडकातला जड कार्बनचा आकडा खाली येतो. तो आकडा समुद्राचा नव्हे.

शेवटी नमुन्याचे. हातोडा मारण्याआधी खडकावरच मार्करने आडवी रेघ, उताराचा बाण, वरची बाजू आणि उत्तर दिशा लिहावी. बिनखुणेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पातळ छेदाला चालेल, पण प्रवाह कुठून आला ते तो सांगणार नाही. आणि जिथे तिरकी थरणी स्पष्ट दिसते तिथे हातोडा चालवूच नये, फोटो पुरे. पुढच्या तुकडीलाही ती पाहायची असते.

— भूविज्ञानाचा एक अभ्यासक, नागपूर