मधली खूण

परतवाड्याजवळून, कार्तिकातली रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझी तिन्ही पत्रे मिळाली. प्रत्येकात "पुन्हा कातळ चढायला लागलास का?" असे विचारले होतेस आणि आषाढात बाबा गेल्यापासून मी दोराची पिशवी उघडलीही नव्हती, म्हणून उत्तर राहिले.

गेल्या आठवड्यात कापूस भरण्यासाठी खोली रिकामी करताना ती पिशवी निघाली. शिबिरात शिकवले होते तसा सगळा दोर हातातून सरकवत तपासला, तेव्हा एका टोकापासून पाच-सहा हातांवर उंदरांनी आवरण कुरतडून आतले पांढरे धागे बाहेर काढलेले दिसले. हा दोर ताणला जाऊन पडणाऱ्याचा झटका सोसतो, हे मी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले होते, "मग विहिरीवर हा काही कामाचा नाही." तेवढा तुकडा कापून मी टोक मेणबत्तीवर वितळवले. दोर 50 मीटरचा 47 राहिला आणि त्यावरची मधली खूण आता मधोमध नाही.

दोर धरणार कोण, हा खरा प्रश्न होता. आई म्हणाली, "मला दाखव." दोन संध्याकाळी कडुनिंबाला कापसाचे गाठोडे टांगून ती ते सावकाश खाली सोडायला शिकली. माझे वजन तिच्याहून जास्त, मी पडलो तर तीच वर ओढली जायची. म्हणून रविवारी नाल्यावरच्या कातळापाशी तिला मागच्या झाडाला बांधले. आग्या मोहोळ नसल्याची खात्री करूनच मी निघालो.

आपला काळा बेसॉल्ट तुला ठाऊकच आहे. खालच्या सच्छिद्र थरात बोटे छान बसतात, वरच्या घट्ट थराच्या भेगांतले धोंडे मात्र ठोकून पाहावे लागतात. तिथेच माझे गुडघे थरथरू लागले. बाबा खालून "पायाकडे पाय", म्हणजे पायाकडे पाहा, असे ओरडायचे आणि तू त्या वऱ्हाडीला हसायचास, ते आठवले. आई काहीच बोलली नाही. तिने दोर इतका आवळून धरला होता की मला पाऊल बदलता येईना. "ढील दे" म्हणून तीनदा ओरडलो, पण तिने दिली नाही. शेवटी माथा न गाठताच उतरलो. तिचा तळहात लालभडक झाला होता, तरी मी गाठ सोडेपर्यंत तिने दोर सोडला नाही.

आता वेचणी सुरू आहे, त्यामुळे पुढचा रविवार जमेलच असे नाही. सुट्टीत आलास तर तिला ढील द्यायला तूच शिकव. माझे ती ऐकत नाही. दोर तिने ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवून झाकणावर पाटा ठेवला आहे.

तुझाच,
मित्र